अनुभवाचा रकाना कोरा सोडू नका

नोकरीच्या अर्जात 'अनुभव' नावाचा एक रकाना असतो. आपली पोरं तिथं सरळ 'निरंक' लिहून मोकळी होतात. बारावीपासून पहाटे पेपर टाकलेत, सुट्टीत बांधकामावर बिगारी केलीय, आईच्या भाजीच्या गाडीचा हिशेब ठेवलाय, आणि तरी निरंक! साहेबाचा पोरगा काकाच्या ऑफिसात दोन महिने पंख्याखाली बसला तर ती इंटर्नशिप. आपण चार वर्षं राबलो तर ती 'घरची परिस्थिती'. ही वाटणी कुणी केली? ज्यांनी हजारो वर्षं आपल्याला राबवलं त्यांनीच. आपण ती गुमान मान्य का करायची?

मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त होता. तिथं आपल्या माणसांना मज्जाव. का? तर कांडी बदलली की धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि सवर्ण कामगाराला विटाळ व्हायचा. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल मांडला. हातात कसब नाही म्हणून दार बंद नव्हतं. ओठ अस्पृश्य होते म्हणून बंद होतं.

आता दाराशी इंटरव्ह्यू बसलाय. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांची पाहणी २००७ साली छापून आली. खाजगी कंपन्यांना सारख्याच शिक्षणाचे अर्ज धाडले, नावं तेवढी वेगळी. सवर्ण हिंदू नावांपेक्षा दलित आणि मुसलमान नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. त्याच वर्षी छापून आलेल्या अभ्यासात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांत माणसं भरणाऱ्या साहेबांना बोलतं केलं. साहेब मेरिटचा जप करायचे आणि त्याच तोंडानं उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी बघावी लागते म्हणायचे. बाप काय करतो, हेही मेरिटच का?

तरीही त्या खुर्चीसमोर बसायचंच आहे, तर पाठ ताठ ठेवून बसा. 'तुमची जमेची बाजू सांगा' म्हटलं की आपण म्हणतो, 'मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे.' हे सगळेच म्हणतात. त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा घडलेलं सांगा. काम काय होतं, अडलं कुठं, मी काय केलं, त्यानं काय झालं. चार वाक्यं बस्स.

मी नाइट कॉलेज करताना तीन वर्षं लग्नाच्या हॉलात वाढपी होतो. ते मी असं सांगतो: 'तीनशे माणसांची पंगत, आम्ही सहा जण. मागच्या ओळींना भात पोचायचा नाही, लोक ओरडायचे. मी ओळी वाटून दिल्या, एक माणूस नुसता भातावर ठेवला. पंगत वेळेत उठायला लागली.' यात थाप नाही की फुशारकी नाही.

भाजीच्या गाडीचंही तसंच. किती माल उचलायचा, पालेभाजी सुकायच्या आत दर कधी उतरवायचा, उधारी कुणाला द्यायची आणि गोड बोलून वसूल कशी करायची. व्यापाराच्या कॉलेजात फी घेऊन हेच शिकवतात. आकडे ठाऊक असतील तर आकडे सांगा. केलं तेवढंच सांगा, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो. आणि गरिबी विकू नका. दयेनं मिळालेली नोकरी दयेवरच टिकते. बापाचं काम विचारलं तर आवाज खाली न घेता सांगा, आणि लगेच स्वतःच्या कामावर या.

काही मित्र म्हणतील, हे म्हणजे शोषणाला मालकाच्या भाषेत सजवणं झालं. नाही. आपल्याला कमी पैशात पिळलं हे खरंच, ते विसरायचं नाही. पण त्या कामात आपलं डोकंही खर्ची पडलं, हेही तितकंच खरं. हे दुसरं खरं मालकाला फुकटात का सोडायचं?

अर्थात नुसत्या चांगल्या उत्तरांनी कुलूप उघडत नाही. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांचे इंटरव्ह्यू बंद केले. म्हणजे त्यांच्याशिवाय भरती होऊ शकते. खाजगीतही आपली मागणी हवी: सर्वांना तेच प्रश्न, गुण कागदावर, आणि बापाची चौकशी बंद. ही लढाई लांबची आहे. तोवर रविवारी समाजमंदिराच्या ओट्यावर चार जण बसा. एकानं साहेब व्हायचं, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. आणि जो 'मी काहीच केलेलं नाही' म्हणेल, त्याला तो सकाळी किती वाजता उठतो आणि रात्रीपर्यंत काय काय करतो, ते विचारा. लिहायला तिथूनच सुरुवात करा.