जपानच्या वर्गातले मौन

जपानमध्ये पाचवीच्या विज्ञानात मुले माशाच्या अंड्यातून पिल्लू कसे घडते ते पाहतात. माणसाचा गर्भ आईच्या पोटात कसा वाढतो हेही शिकतात. मात्र तो गर्भ तिथे आला कसा, हा प्रश्न वर्गाबाहेर ठेवला जातो. १९९८ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तशी सूचनाच आली: मानवी फलनापर्यंतची प्रक्रिया शिकवू नये. कनिष्ठ माध्यमिक शाळेच्या आरोग्य विषयातही गर्भधारणेची प्रक्रिया अशीच वगळली गेली. जपानी लोक या तरतुदीला 'हादोमे', म्हणजे चाक थोपवणारा अडसर म्हणतात. ही बंदी नव्हे, गरजेनुसार शाळा पुढे जाऊ शकतात, असा सरकारचा खुलासा असतो. पण नोकरी सांभाळणाऱ्या शिक्षकाला त्या ओळीत बंदीच ऐकू येते.

त्याचे भय निराधार नाही. टोकियोजवळच्या हिनो येथील नानाओ या शाळेत बौद्धिकदृष्ट्या अपंग मुले शिकत. त्यांच्यातील लैंगिक स्वरूपाचे प्रकार उघडकीस आल्यावर शिक्षकांनी पालकांशी बोलून बाहुल्या आणि गाण्यांच्या आधारे शरीराची ओळख करून देणारे पाठ तयार केले. अमूर्त बोलणे ज्यांना कळत नाही, त्यांना दाखवूनच सांगावे लागते. २००३ मध्ये महानगर विधानसभेचे काही सदस्य शाळेत आले आणि त्यांनी शिक्षकांची निर्भर्त्सना केली. पाठोपाठ साहित्य काढून घेतले गेले, शिक्षकांवर कारवाई झाली. शिक्षक आणि पालक न्यायालयात गेले. नुकसानभरपाईचा निकाल सर्वोच्च न्यायालयात कायम होईपर्यंत २०१३ उजाडले. शिक्षक जिंकले खरे, परंतु तोवर दहा वर्षे देशभरच्या शाळांनी धडा घेतला होता, आणि तो गप्प राहण्याचा होता.

हे मौन संस्कृतीचे रक्षण करते, असा दावा केला जातो. मला तो इतिहासाला धरून वाटत नाही. एदो काळात 'शुंगा' ही शृंगारचित्रे सर्रास छापली आणि विकली जात. पाश्चात्त्यांच्या नजरेत सुसंस्कृत दिसण्यासाठी मेइजी राजवटीने उघड्या देहावर आणि स्त्री-पुरुषांच्या एकत्र स्नानावर निर्बंध घातले. २०१३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने भरवलेल्या शुंगा प्रदर्शनासारखे प्रदर्शन भरवण्यास जपानमधील अनेक संग्रहालये कचरली. अखेर २०१५ मध्ये टोकियोतील एइसेइ बुंको या छोट्या संग्रहालयाने धाडस केले. ज्याला परंपरा म्हटले जाते, ती लाज बऱ्याच अंशी उसनी आहे.

शिवाय समाज मूक नाहीच. लैंगिकतेचा प्रचंड बाजार तिथे उघडपणे चालतो. २०१९ पर्यंत प्रौढांची मासिके नाक्यावरच्या दुकानांत खाऊच्या पाकिटांजवळ मांडलेली असत. म्हणजे मूल त्या चित्रांपर्यंत पोहोचणारच; फक्त ती चित्रे खोटी कुठे आहेत, हे सांगणारा कोणी प्रौढ त्याच्याजवळ नसेल. शाळा बाजूला झाली की जागा रिकामी राहत नाही, बाजार ती भरतो.

२०२३ मध्ये जपानने लैंगिक संमतीचे वय १३ वरून १६ केले. १९०७ च्या दंडसंहितेतील ही मर्यादा शतकाहून अधिक काळ टिकली होती. सुधारणा स्वागतार्ह आहे. पण ज्या मुलीला संमती म्हणजे नेमकी कशाला संमती, हेच कोणी सांगितलेले नाही, तिने नकार कशाला द्यायचा? नव्या 'जीवन-सुरक्षा शिक्षणा'त शरीराच्या खासगी भागांना दुसऱ्याने हात लावू नये, हे शिकवले जाते. परंतु धोका सांगायचा आणि मूळ गोष्ट झाकायची, याने सावधपणाऐवजी भीतीच वाढते.

जपानकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडेच वळतात. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम नाकारला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शालेय लैंगिक शिक्षणाला विरोध केला. २०१२ मध्ये 'पॉक्सो' कायदा करून आपण मुलांना न्यायालयाचे दार उघडले. मात्र त्या दारात उभे राहून घडलेले सांगायला लागणारे शब्द त्यांना दिले नाहीत. ते शब्द शिकवण्याची जागा वर्गच आहे.