सवलत मिळाली, विचारणा कधी?



१७ मार्च २०२३ पासून एसटीच्या प्रवासात स्त्रियांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. दवाखाना, बाजार, माहेर बायकांच्या आवाक्यात आले. या निर्णयाचे मोल मोठेच आहे. पण गाडी कुठून, किती वाजता सुटावी हे ठरवताना बाईला कोणी विचारते का?

मी काम करते त्या भागात संध्याकाळी साडेपाचची फेरी सव्वाचारला आणली गेली. कारण दिले, प्रवासी कमी. कॉलेजची प्रात्यक्षिके पाचपर्यंत चालतात. दोघींनी विज्ञान शाखा सोडली, एकीचे शिक्षणच थांबले. बायका अर्ज घेऊन आगारात गेल्या, तर ‘वेळापत्रक वरून ठरते’ असे उत्तर मिळाले. वरच्या कार्यालयाने पुन्हा आगाराकडे पाठवले. तक्रारवहीत नोंद झाली, पण ती वही ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच टेबलावर! शिवाय प्रत्येक तक्रार एकेकटीची धरली जाते. अनेक गावांतल्या मुलींची अडचण एकच आहे, हे पाहणारे तिथे कोणी नसते.

हे काम करणारी यंत्रणा उभी करता येते. न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने १९८१ मध्ये प्रवाशांची कायमस्वरूपी सल्लागार समिती स्थापन केली. सदस्य रोजचे प्रवासी, तेही बिनपगारी. अभ्यास व पाठपुराव्याला मात्र पगारी कर्मचारी. वाहतूक प्राधिकरणाच्या मंडळावर त्यांचा प्रतिनिधी बसतो, पण त्याला मताचा अधिकार नाही. लंडनमध्येही कायद्याने स्थापन झालेली प्रवाशांची संस्था आहे. वाहतूक संस्थेच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर प्रवासी तिच्याकडे दाद मागतात.

आपल्याकडे रेल्वेच्या प्रवासी सल्लागार समित्या आहेत. एसटीसारख्या महामंडळांसाठीही १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात, कलम १७ मध्ये, सल्लागार परिषदेची तरतूद आहे. मात्र राज्य सरकार ती ‘नेमू शकते’, नेमलीच पाहिजे असे बंधन नाही. त्यात स्त्रियांसाठी जागाही राखलेल्या नाहीत.

म्हणून आमची मागणी अशी : प्रत्येक जिल्ह्यात महामंडळाबाहेरचे प्रवासी कार्यालय कायद्याने स्थापन व्हावे. त्यात निम्म्या जागा स्त्रियांना असाव्यात. शेतमजूर, विद्यार्थिनी, वृद्ध आणि अपंग स्त्रिया त्यात याव्यात. फेरी बंद करण्यापूर्वी किंवा वेळ बदलण्यापूर्वी त्या मार्गावरच्या गावांचे म्हणणे ऐकले जावे आणि कार्यालयाच्या प्रत्येक पत्राला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणे महामंडळावर बंधनकारक असावे.

तोवर आपण थांबायचे कारण नाही. पुढच्या बैठकीत आपल्या मार्गावरच्या बंद झालेल्या फेऱ्यांची यादी करा. गाव, वेळ, कधीपासून बंद आणि कोणाचे काय अडले, हे लिहा. ती यादी ग्रामसभेत मांडून ठराव घ्या. ठरावाची एक प्रत आगारप्रमुखांना, एक आमदारांना द्या, आणि एक आमच्याकडे पाठवा.