‘लोकल’ म्हणून हिणवण्याआधी कार्ट्रिज उघडून बघा!

सबमिशन जवळ आलं आणि प्रिंटवर पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘लोकल कार्ट्रिज टाकलंस ना? मग असंच होणार!’ दुसरा गट म्हणतो, ‘ओरिजिनलला कशाला पैसे घालवायचे? शाई ती शाईच!’ माझ्या मते दोघंही चुकतात. प्रश्न शाईच्या आधी कार्ट्रिजच्या रचनेचा आहे.

एचपी आणि कॅननच्या बऱ्याच स्वस्त प्रिंटरमध्ये प्रिंट हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं. त्याची छिद्रं केसाहून बारीक. आतला इवलासा हीटर क्षणात शाई उकळवतो, बुडबुडा फुगतो आणि थेंब कागदावर फेकला जातो. असं हेड नव्याने बनवणं सोपं काम नाही. म्हणून या प्रकारात ‘कॉम्पॅटिबल’ म्हणून मिळतं ते बहुतेकदा वापरलेलं ओरिजिनलच असतं, साफ करून पुन्हा भरलेलं. ते कितव्यांदा भरलंय, हे सहसा कुणी सांगत नाही. शाई संपल्यावरही प्रिंट मारत राहिलं तर हीटर कोरडाच तापतो आणि जळतो. मग त्यात कितीही महागाची शाई भरा, ती रेघ काही जात नाही.

एप्सनचं उलट आहे. तिथे हेड प्रिंटरमध्ये कायमचं बसवलेलं असतं आणि कार्ट्रिज म्हणजे शाईची डबी. डबी बनवणं सोपं, म्हणून नवी कोरी थर्ड पार्टी कार्ट्रिज याच प्रकारात जास्त. पण त्या डबीतही डोकं लावावं लागतं. शाई आपोआप गळू नये म्हणून आत स्पंज किंवा झडप लागते आणि शाई जाईल तशी हवा आत यायला वर बारीक वाट लागते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं ना, तसंच इथे होतं. हवेची वाट स्टिकरखाली बंद राहिली की अर्धं पान काळंभोर आणि उरलेलं फिकट! या प्रकारात हेड बुजलं तर डबी बदलून भागत नाही, प्रिंटरच दुरुस्तीला न्यावा लागतो.

त्यात आपलं सोलापूर. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी. सुट्टीला गावी गेलात आणि प्रिंटर महिनाभर तसाच पडून राहिला, तर छिद्रांच्या तोंडाशी शाई वाळते. ओरिजिनलसुद्धा वाळते बरं का! आठवड्याला एक रंगीत पान काढणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

मग कंपन्या निर्दोष का? अजिबात नाही. कार्ट्रिजवरची चिप शाईचा हिशेब ठेवते, तशी परक्या कार्ट्रिजला दारातूनच हाकलते. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरनी कालपर्यंत चालणारी थर्ड पार्टी कार्ट्रिज अचानक नाकारली. ओरड झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली. उलट उदाहरण एप्सनचं. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून शाईच्या टाक्या जोडत होते. एप्सनने त्यावरून धडा घेतला आणि २०१० मध्ये तिथेच स्वतःचा टाकीवाला प्रिंटर आणला. आज झेरॉक्सच्या दुकानात जो इंक टँक प्रिंटर दिसतो, त्याच्या मुळाशी असा ‘जुगाड’ आहे. थर्ड पार्टीवाले नसते, तर आपण अजूनही चिमूटभर शाईला मूठभर पैसे मोजत बसलो असतो.

पण ‘कॉम्पॅटिबल’ आणि ‘डुप्लिकेट’ यातला फरक सोलापूरकराला कुणी शिकवायला नको. दुसरीकडे विणलेली चादर कुणी ‘सोलापुरी’ म्हणून खपवली की आपलं डोकं फिरतं. तीच चादर त्याने स्वतःच्या नावाने विकली तर आपली तक्रार नसते. कार्ट्रिजलाही हाच न्याय लावा. स्वतःच्या नावाने विकलं जाणारं स्वस्त कार्ट्रिज हा प्रामाणिक धंदा. मोठ्या ब्रँडच्या खोक्यात भरलेलं नकली कार्ट्रिज ही फसवणूक.

म्हणून दुकानात नुसतं ‘केवढ्याला?’ विचारून थांबू नका. माझ्या प्रिंटरचं हेड कुठे आहे? हे नवं आहे की पुन्हा भरलेलं? चिप चालली नाही तर बदलून द्याल का? दुकानदार सरळ उत्तर देत असेल तर बिनधास्त घ्या, बिल मात्र मागा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. मोबाइल, गाड्यांच्या दुरुस्तीचा हक्क आपण मागतो, तसा प्रिंटरमध्ये कुठली शाई घालायची हे ठरवण्याचा हक्कही मागायला हवा. पैसे मोजून घरी आणलेला प्रिंटर आपला आहे, कंपनीने भाड्याने दिलेला नाही!