सातबारा नसलेल्यालाही पाण्यावर मत हवे



महाराष्ट्रातून नेदरलँड्सला येणारे शेतीचे अभ्यासदौरे हरितगृहे आणि समुद्राचे बांध पाहून परततात. इथल्या पाण्याचा कारभार कोण करते, हे पाहायचे राहून जाते. आपण घेण्यासारखे खरे तर तेच आहे.

या देशात 21 जलमंडळे आहेत. मी राहतो त्या लायडेनच्या मंडळाची मुळे तेराव्या शतकात सापडतात. चरांतल्या पाण्याची पातळी किती ठेवायची, कोरड्या उन्हाळ्यात ओढ्यातून पाणी उपसायला बंदी कधी घालायची, हे मंडळ ठरवते. 2018च्या दुष्काळात अशा बंदीचा फटका पूर्व आणि दक्षिण भागातल्या रेताड जमिनींना बसला. मंडळाचा बहुतेक खर्च स्वतःच्या करातून निघतो, तो कर भाडेकरूही भरतो आणि म्हणून मतही देतो. मार्च 2023च्या निवडणुकीत भारतीय पासपोर्ट असूनही मी मत दिले. शेतकरी आणि निसर्गक्षेत्रांचे मालक यांच्यासाठी थोड्या जागा राखीव आहेत, बाकीच्या रहिवासी निवडून देतात.

आपल्याकडे 2005 साली पाणीवापर संस्थांचा कायदा झाला. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर त्याही आधीपासून, ओझरच्या बापू उपाध्ये यांच्या प्रयत्नांतून, शेतकऱ्यांनी कालव्याच्या टोकापर्यंत पाणी पोहोचवून दाखवले होते. तरीही कायद्याने संस्थेचा सभासद ठरतो तो लाभक्षेत्रातला जमीनधारक. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नाही, तिने आयुष्यभर त्याच पाटावर दारे धरली तरी तिला मत नाही. शेतमजुराला तर नाहीच.

पाण्याचा हक्क जमिनीशी बांधू नये, हे विलासराव साळुंखे यांनी फार आधी ओळखले होते. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावला त्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या हिशेबाने नव्हे, माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत. ऊस वर्ज्य. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. त्यामुळे पाणी ज्वारी-भाजीपाल्याकडे वळले आणि घरात धान्य आले.

कोणी म्हणेल, हॉलंडला पाणी जास्त झाल्याची चिंता आणि आपल्याला टंचाईची, मग तुलना कशाला? पण टंचाईतच वाटपाचा निर्णय जास्त जणांच्या पोटावर येतो. कालव्याचे पाणी उसाला गेले की गावात धान्य-भाजी कमी पिकते, ती विकत घेण्याची पाळी मजुरावर आधी येते. पाणीपट्टी न भरणाऱ्याला मत का, हा आक्षेप रास्त आहे, म्हणून प्रत्येक घराकडून थोडी वर्गणी जरूर घ्यावी.

शासनाने 2005च्या कायद्यात दुरुस्ती करून लाभक्षेत्रातल्या प्रत्येक प्रौढ रहिवाशाला सभासदत्व द्यावे, आणि हंगामाचा पीक आराखडा त्या सर्वांच्या सभेत मंजूर व्हावा.

आपला,
एक वाचक, लायडेन (नेदरलँड्स)