घोडीखालचा आवाज

“किती वॅटचा हवाय?”

रविवारी कोल्हापुरात तीन दुकानं फिरलो आणि तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न हाच. भाचीच्या पाठीवर गिटार होती, तिच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. गिटार कुठल्या जातीची, ही वाजवते काय, वाजवताना गाते का, खोलीत वाजवणार की मांडवात, यातलं एक अक्षर कुणी विचारलं नाही. सांगलीला परत येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं आणि आज गुरुवारी लिहायला बसले तरी ते निवलेलं नाही.

या सदराचे वाचक भाचीला ओळखतात. जूनमध्ये तिच्या गिटारचं पोट दमट हवेनं फुगलं होतं तेव्हा मी लिहिलं होतं, आणि तांदळाच्या पुरचुंडीपासून सिलिका जेलच्या पुड्यांपर्यंत उपाय सांगणारी पत्रं आली होती. पुड्या कामी आल्या. गिटार सावरली. आता प्रश्न आहे तो ती लोकांना ऐकू जाण्याचा.

त्याचं असं झालं. गेल्या दिवाळीत तिच्या बाबांनी तिला एक छोटा अ‍ॅम्प आणून दिला होता. आणताना त्यांनी दुकानात नीट विचारलं होतं, की आमच्या मुलीची गिटार लाकडी पोकळ पोटाची आहे, वायर लागते तिला, पण ती इलेक्ट्रिक नव्हे; चालेल ना? उत्तर मिळालं, “गिटारचाच अ‍ॅम्प आहे साहेब, कुठलीही गिटार लावा.” या एका वाक्यावर मी आज एवढं लिहिते आहे.

गणपतीत पाचव्या दिवशी सोसायटीच्या मांडवात भाची वाजवायला बसली. दोन महिने बसवलेली चीज होती, तारा बोटांनी हळुवार छेडत वाजवायची. घरी बाल्कनीत ती वाजवते तेव्हा प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, बोट सुटल्याची बारीक चाहूलसुद्धा लागते. मांडवात ते सगळं गोधडीखाली गेलं. मधलाच काही आवाज फुगून बाहेर येत होता, वरची चमक गायब. मागच्या खुर्च्यांवरून “आवाज वाढवा” अशी हाक आली. तिनं बटण फिरवलं आणि गिटारच्या पोटातून घूं घूं असा हुंकार सुरू झाला, तो थांबेचना. तिनं तारांवर पंजा दाबला, वायर काढली, उठली. चार मिनिटंही झाली नव्हती. त्यानंतर तीन आठवडे गिटारच्या पिशवीची चेन उघडली गेली नाही. सतरा वर्षांच्या मुलीला वाटलं की आपलाच हात खोटा. खोटा होता तो अ‍ॅम्प, आणि हे तिला पटवायला मला तीन आठवडे लागले.

तांत्रिक भाग एका दमात सांगते. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर दाबला की ठिणगी पडते, ती आतल्या पिझो तुकड्यावर दाब आल्यामुळे. दाबातून वीज निघण्याचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या पांढऱ्या पट्टीखाली बहुतेक वेळा अशीच पिझोची पट्टी असते. ती तारांचं थरथरणं पकडते आणि गिटारच्या कडेला बसवलेला नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचा प्रीअ‍ॅम्प ते पुढे धाडतो. सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्‌झचा, आणि तारांची वरची झळाळी दहा हजार हर्ट्‌झच्याही पलीकडे जाते. इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पमधला स्पीकर साधारण पाच हजारांनंतर हात टेकतो आणि मधला आवाज पुढे काढतो. इलेक्ट्रिक गिटारला तेच शोभतं. लाकडी गिटारला मात्र वूफरच्या जोडीला ट्वीटर लागतो, मिळालेला आवाज आपला रंग न चढवता मोठा करणारा अ‍ॅम्प लागतो. वॅट दुप्पट केले तर फक्त तीन डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे पंधरा की तीस यावर दुकानात अर्धा तास घालवण्यात काही हशील नाही. फिशमनचा लाउडबॉक्स मिनी ६० वॅटचा, मार्शलचा एएस५०डी ५० वॅटचा. दोन्हींत गिटारला एक आणि गाणाऱ्याच्या माइकला एक अशा वेगळ्या वाटा. रोलंडचा एसी-३३ आठ पेन्सिल सेलवरही चालतो. आमच्या हातात बारा हजार रुपये होते आणि यांतलं काहीच त्यात बसत नव्हतं.

घोडी हा शब्द लिहिला आणि मला मिरज आठवली.

माझं आजोळ मिरजेचं. आई गायची, आणि दर दोन-तीन वर्षांनी तिचा तंबोरा जवारी काढायला मिरजेला जायचा. एस.टी.त तो माझ्या आणि तिच्या मध्ये, चादरीत गुंडाळून, तिसऱ्या माणसासारखा बसलेला असे. तंतुवाद्यं बनवणाऱ्या त्या गल्लीत शिरलं की लाखेचा आणि ताज्या किसलेल्या लाकडाचा वास यायचा. आढ्याला भोपळे टांगलेले, पंढरपूरकडच्या मळ्यांतून आलेले, सुकून कडकडीत झालेले. मूळची ही घराणी शिकलगारांची, तलवारींना धार लावणाऱ्यांची. हत्यारांचे दिवस सरले तशी ती वाद्यांकडे वळली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला पहिल्यांदा तो लाखेचा वास आठवला होता.

आम्ही ज्यांच्याकडे जायचो त्या चाचांची रीत मी आजवर विसरलेले नाही. तंबोरा मांडीवर घेण्याआधी ते आईला म्हणायचे, “बाई, जरा गा.” तंबोऱ्याला काय झालंय ते नंतर. आई दोन-तीन स्वर लावायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि विचारायचे, “अजून काळी चारच ना? का उतरलात?” आवाज वयानं उतरतो, मग तारा बदलाव्या लागतात, घोडीचा उतार वेगळा घासावा लागतो, म्हणून तो प्रश्न. त्यानंतर तार बाजूला सारून घोडीच्या पाठीवर कानस चालायची. दोन हात मारायचे, तार परत वर घ्यायची, छेडायची, ऐकायचं. तारेखाली सुती दोरा सरकवत न्यायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे. आणि एका जागी आल्यावर इतका वेळ ठक् ठक् वाजणारी तार अचानक उघडायची. त्या क्षणी खोली भरून जायची. खर्जाच्या तारेतून, कुणीही लावलेला नसताना, गंधार वर येऊन उभा राहायचा. मी लहान होते, मला वाटायचं दुसऱ्या खोलीत कुणी गातंय.

जवारी म्हणजे हेच. तार घोडीच्या सपाट पाठीला थरथरताना पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि त्या स्पर्शातून वरचे स्वर एकेक करून सुटे होतात. तिथेच तंबोऱ्याचा जीव आहे. गिटारच्या घोडीला अशी पाठ नसते, तिथे तार एका धारेवर टेकते. पण वरच्या स्वरांतच वाद्याची ओळख असते ही गोष्ट दोन्हीकडे सारखी. ते कापले की उरतं ते फक्त सुराचं नाव. अमुक पट्टी, तमुक स्वर. लाकूड कुठलं, हात कुणाचा, काही कळत नाही. आई तर शेवटी शेवटी तंबोरा ऐकूनच सांगायची की घोडी हाडाची आहे की दुसऱ्या कशाची. माझा कान तिच्याइतका नाही, पण जवारी आहे की गेली एवढं मला कळतं, आणि रविवारी तेवढंच लागणार होतं.

कारण दुकानात जाताना मी फोनमध्ये आईच्या तंबोऱ्याची ध्वनिफीत घेऊन गेले होते. आई गेली त्या वर्षी मी ती घरात केली होती. नुसता तंबोरा, अकरा मिनिटं. साध्या अ‍ॅम्पलासुद्धा फोन जोडायला हल्ली एक भोक असतं. पहिल्या दुकानात वायर लावली. तंबोरा वाजत होता पण जवारी नव्हती. नुसता घुमारा. भाचीला म्हटलं, बघ, तुझं मांडवात काय झालं ते. तिनं खूप वेळ ऐकलं आणि म्हणाली, “मावशी, आजीचा तंबोरा असा नाहीये.” तीन आठवडे मी जे सांगत होते ते तिला तिथे पटलं.

दुसऱ्या दुकानात तेच. तिथे तर एक भला मोठा चाकांचा ट्रॉली स्पीकर आमच्या गळ्यात मारायचा खूप प्रयत्न झाला. त्यावर आकडा हजाराच्या घरातल्या वॅटचा छापलेला. तंबोरा लावला तर खालून धप् धप् उठलं. तो स्पीकर ठोक्यासाठी बनवलेला, खर्ज फुगवायचा हे त्याच्या हाडीमाशी. आम्ही निघालो.

तिसऱ्या दुकानातल्या मुलानंही आधी वॅट विचारले. पण तंबोरा लावल्यावर हातातलं काम ठेवून तो ऐकायला आला, आणि पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, “हिची गिटार बघू?” त्यानं आधी तिच्या बॅटरीचं झाकण उघडलं. बॅटरी उतरलेली होती. वायर गिटारमध्ये खोचलेली राहिली की आतला प्रीअ‍ॅम्प चालू राहतो आणि बॅटरी खातो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. वाजवून झालं की वायर काढायची, अ‍ॅम्प बंद केला म्हणजे झालं असं नव्हे. मग त्यानं लाकडी गिटारचा एक अ‍ॅम्प जोडला, सगळी बटणं मध्यावर ठेवली आणि तंबोरा पुन्हा लावला. गंधार आला. भाचीनं माझा दंड धरला. किंमत आमच्या पैशांच्या दीडपटीहून जास्त होती.

त्यानंतर तो जे बोलला त्यासाठी मी त्याची मनापासून आभारी आहे, कारण त्यात त्याच्या दुकानाची विक्री नव्हती. “ताई, अ‍ॅम्पच पाहिजे असं नाही. भजनाला, व्याख्यानाला वापरतात तो साधा पॉवर्ड स्पीकर असतो की, वूफर-ट्वीटरचा. माणसाचा आवाज त्यातून माणसासारखा येत असला तर ही गिटारपण येईल. हिच्यात प्रीअ‍ॅम्प आहे, सरळ लागेल. कुणाकडं असला तर आधी लावून बघा, मग घ्या.” हुंकाराचंही त्यानं सांगितलं. गिटारच्या पोटातली हवा शंभर हर्ट्‌झच्या आसपास घुमते. स्पीकर पाठीमागे ठेवला की त्याचाच आवाज पोटात शिरतो आणि फेरा सुरू होतो. स्पीकर पुढे, बाजूला, तोंड लोकांकडे. खर्ज थोडा कमी. आणि गिटारच्या भोकाला बसवायची रबराची चकती, ती आम्ही त्याच्याकडून घेतली.

तसला स्पीकर आमच्याच सोसायटीत आहे. भजनी मंडळाच्या बायकांनी वर्गणी काढून गेल्या आषाढीला घेतलेला, आठ इंची वूफरचा, सभागृहाच्या कपाटात कुलपात असतो. सोमवारी संध्याकाळी मंडळाच्या काकूंकडे किल्ली मागायला गेलो. प्लग बघितला तर अर्थिंगची पिन कुणीतरी तोडून टाकलेली, दोन भोकांच्या बोर्डात बसावी म्हणून. गिटार लावल्यावर घरघर यायची आणि तारांना हात लावला की थांबायची, ती याचसाठी. हे मी कळकळीनं लिहिते: घरघर ही तर लहान गोष्ट, तारांना हात लावून बसणाऱ्या पोरीच्या जिवाशी तो खेळ आहे. ज्या घरात असा प्लग असेल तिथे आजच बदलून घ्या. आम्ही मंगळवारी इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन पिनांचा प्लग आणि बोर्ड दोन्ही बसवून घेतले. खर्च मी केला, मंडळानं अर्धे पैसे बळेच हातात दिले.

बारा हजार अजून तसेच आहेत. कदाचित दिवाळीनंतर ती तिसऱ्या दुकानातला वापरलेला अ‍ॅम्प मिळतो का बघेल. बघताना आजीचा तंबोरा सोबत नेईन म्हणाली.

काल बुधवार, मंडळाचा सरावाचा दिवस. काकूंची अट एकच होती, स्पीकर वापरायचा तर आमच्यात बसायचं. भाची कोपऱ्यात गिटार घेऊन बसली, स्पीकर पुढे एका स्टुलावर. पेटीवरच्या आजींनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. वॅट वगैरे त्यांना माहीत नाहीत. त्या म्हणाल्या, “आधी एकटी वाजव बघू थोडं.” तिनं वाजवलं. बाल्कनीत येतो तोच आवाज, प्रत्येक तार वेगळी, बोटाच्या चाहुलीसकट. आजींनी पेटीचा भाता उघडला आणि म्हणाल्या, “आम्ही काळी चारमध्ये गातो. जमेल?”

तिनं पहिल्या पडद्यावर कॅपो लावला, जीची पकड धरली, आणि एकदा माझ्याकडे बघून तारांवरून हात फिरवला.