मोटारसायकलची पेटी आणि पायाची नडगी

गेल्या महिन्यात एक गृहिणी आपल्या धाकट्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाला काहीही झालेले नव्हते. "डॉक्टर, हा मोटारसायकलवरून लडाखला निघालाय. जाऊ नको म्हणून तुम्हीच याला सांगा, तुमचं ऐकेल," एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांची भीती अनाठायी नव्हती. तीन वर्षांपूर्वी याच घरातला थोरला मुलगा झंस्कारच्या रस्त्यावर पडला. टेंपोच्या हौद्यात सात तास पडून त्याने रुग्णालय गाठले, नडगीच्या हाडात सळई घालावी लागली आणि नोकरीवर रुजू व्हायला त्याला सहा महिने लागले. आता धाकटा निघाला होता. गाडी तीच, आणि गाडीच्या दोन्ही बाजूंच्या अॅल्युमिनियमच्या पेट्याही त्याच.

मी त्याला जाऊ नको म्हणालो नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला असे सांगून तो थांबत नाही, फार तर घरी न सांगता जातो. पण "पेट्या मात्र इथेच ठेवून जा," असे मी बजावले. मायलेक दोघेही माझ्याकडे बघतच राहिले. अपघाताला गाडीचा वेग, खराब रस्ता किंवा हेल्मेट कारण असते हे सर्वांना ठाऊक आहे. सामान कशात भरले यावर पाय वाचणे वा मोडणे अवलंबून असते, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. म्हणून आजचा हा लेख.

थोरला भाऊ पडला तेव्हा त्याच्या गाडीचा वेग माणसाच्या चालण्याइतकाच होता. ओढ्याच्या पाण्यात गोट्यांवरून गाडी काढताना पुढचे चाक अडले. अशा वेळी स्वार सहजच पाय खाली टेकवतो. पाय दगडांत रुतला, गाडी मात्र इंजिनाच्या जोराने हातभर पुढे गेली. मागच्या पेटीची कड पोटरीवर आली आणि पाऊल पेटीखाली ओढले गेले. त्याच क्षणी गाडी त्या बाजूला कलली. पाऊल जागचे हलत नाही, वर गुडघा फिरतो आणि मधली नडगी ओला कपडा पिळावा तशी पिळली जाते. एक्स-रेमध्ये हाडाला वेढा घालत गेलेली तिरपी रेघ दिसते. हाड असे मोडलेले दिसले की ते ठोकरीने मोडले नसून पिळवटून मोडले आहे, हे आम्ही ओळखतो.

हे वाचून "लडाखला जाणारे जातील, आपल्याला काय" असे कोणी म्हणू नये. आमच्याकडे असे पाय लडाखवीरांपेक्षा दूध घालणाऱ्यांचे अधिक येतात. पावसाळ्यात वस्तीवरचा चिखलाचा रस्ता, मागे दोन्ही बाजूंना भरलेले दुधाचे कॅन, गाडी घसरते आणि पाय कॅन व जमीन यांच्यामध्ये सापडतो. बिचाऱ्या दूधवाल्याला दूध पिशवीत भरून नेता येत नाही, त्याचा नाइलाज आहे. हौसेने फिरायला जाणाऱ्याचा तसा कोणताच नाइलाज नसतो.

मग या पेट्यांची एवढी हौस आली कुठून? २००४ साली इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन ब्रिटिश अभिनेते मोटारसायकलवरून लंडनहून निघून रशिया-मोंगोलियामार्गे न्यूयॉर्कला गेले. त्या प्रवासाची चित्रमालिका जगभर पाहिली गेली आणि त्यांच्या गाड्यांवरच्या चकचकीत पेट्या तरुणांच्या मनात भरल्या. त्याच मालिकेत मोंगोलियाच्या चिखलात त्या अवजड गाड्या वारंवार आडव्या होतात, हे मात्र पाहणारे विसरले. आपल्याकडे २०१६ मध्ये हिमालयन ही गाडी बाजारात आली, मग २०१९ मध्ये एक्सपल्स आली, आणि कच्च्या रस्त्याने जाण्याची हौस जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. गाडी घेतली की पाठोपाठ पेट्या येतातच.

डांबरी रस्त्यावर पेटीला माझा विरोध नाही. तिला कुलूप लागते, पाऊस आत जात नाही, हॉटेलसमोर गाडी निश्चिंतपणे लावता येते. पुण्याहून गोव्याला महामार्गाने जाणाऱ्याने पेटी खुशाल वापरावी. प्रश्न येतो तो दगड, वाळू, चिखल आणि पाणी यांतून जाताना. तिथे पडायचे आहे हे गृहीत धरूनच निघावे लागते, आणि दिवसातून दोनदा पडणारी वस्तू मऊ असलेलीच बरी. आपल्या पूर्वजांनी घोड्याच्या पाठीवर सामान लादताना दोन्ही बाजूंना लोंबणारी कापडी पडशीच वापरली, लाकडी खोकी बांधली नाहीत. जनावराच्या बरगड्या सोलतील, एवढे त्यांना कळत होते.

आता मिळणाऱ्या मऊ बॅगा या पडशीच्याच वंशातल्या आहेत. काही बॅगा बैठकीवरून दोन्ही बाजूंना सोडायच्या असतात, तर काही घोड्याच्या नालाच्या आकाराच्या एकसंध असून मागच्या सीटला वेढून बसतात. मुंबईची रायनॉक्स, बंगळूरची वायाटेरा अशा कंपन्या त्या आपल्या देशातच बनवतात. कापडाच्या जाडीसाठी 'डेनिअर' हा शब्द लिहिलेला असतो. नऊ हजार मीटर धाग्याचे जितके ग्रॅम वजन, तितके डेनिअर. म्हणजे हजार डेनिअरचा नऊ किलोमीटर धागा एक किलो भरतो. घासणे-ओढणे सोसायला असे जाड कापड लागते. पण केवळ आकड्याला भुलू नये. शिवणीतून पाणी शिरते, म्हणून आत वेगळी जलरोधक पिशवी असलेली आणि तोंड तीन-चार वळ्या गुंडाळून बंद होणारी बॅग पसंत करावी. वरून घालायच्या पावसाळी टोपडय़ावर विसंबू नये, ते वाऱ्याने उडते आणि मागच्या चाकात जाते. भिजलेले कपडे ही डोंगरात केवळ गैरसोय नसते. संध्याकाळच्या थंडीत ओला सदरा अंगावर राहिला तर शरीराचे तापमान घसरते, माणूस बरळू लागतो आणि सोबत्यांना वाटते की हा दमला आहे.

दुकानात बॅग घ्यायला जाल तेव्हा गाडी घेऊनच जा. बॅग रिकामी नको, दुकानातलीच रद्दी कोंबून ती भरा आणि गाडीवर चढवा. मग गाडीवर बसून पाय जमिनीवर टेका आणि मित्राला गाडी हळूच फूटभर पुढे ढकलायला सांगा. बॅग पोटरीला कुठे लागते, पाऊल मोकळे सुटते की अडकते, हे तेव्हाच कळेल. अडकत असेल तर बॅग थोडी मागे घ्या, पण मागच्या चाकाच्या आसाच्या फार मागे नको. तसे केल्यास पुढचे चाक हलके होते आणि हँडल डुलू लागते. सायलेन्सर आणि बॅग यांत हात जाईल इतके अंतर आणि मध्ये पत्र्याची आड असलीच पाहिजे. कापड वितळून पेटल्याची उदाहरणे आहेत.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. बॅग मऊ घेतली आणि तिच्यात पान्यांचा संच, स्टोव्ह, डबाबंद खाद्यपदार्थ पायाच्या बाजूला ठेवले, तर ती कापडात गुंडाळलेली पेटीच झाली! कठीण वस्तू तळाशी आणि आतल्या, म्हणजे गाडीच्या अंगाला ठेवाव्यात. बाहेरच्या व पुढच्या बाजूला, जिथे पाय येऊ शकतो तिथे, कपडे आणि झोपायची पिशवी ठेवावी. एवढे करूनही मऊ बॅग म्हणजे अभयदान नव्हे. पोटरीपर्यंतचे जाड बूट नसतील तर बॅग बदलून फारसे हाती लागणार नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी बूट घ्यावेत, असे मी म्हणेन.

सामान बांधायला आपल्याकडे सर्रास वापरतात ती आकड्यांची रबरी दोरी. ही दोरी मला पेटीइतकीच नावडती आहे. ताणून लावताना आकडा निसटला तर तो थेट तोंडाकडे येतो. डोळ्याच्या आत रक्त साचणे, पडदा फाटणे, नजर कायमची जाणे, हे सर्व या दोन-पाच रुपयांच्या आकड्याने झालेले आहे आणि नेत्रतज्ज्ञ त्याविषयी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. त्यापेक्षा बकलाचा सपाट पट्टा घ्यावा. पट्ट्याचे उरलेले टोक मात्र गुंडाळून आत खोचावे, नाहीतर ते साखळीत जाते आणि चाक जागच्या जागी अडते.

काही जण गाडीला काहीच न लावता सारे सामान पाठपिशवीत घेतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते ते ठीक, पण विंचू दिवसाला दोनशे किलोमीटर खडबडीत रस्त्यावर आदळत नाही. आठ-दहा किलोंचे ओझे खांद्यावर घेऊन दिवसभर हादरे खाल्ले की मान आणि कंबर रात्री झोपू देत नाहीत. शिवाय पाठीवर पडल्यास पिशवीतला कॅमेरा किंवा कुलूप नेमके मणक्यात रुतते. पाठीवर फक्त पिण्याच्या पाण्याची मऊ पिशवी असावी. तिच्याबद्दल तक्रार नाही, तिच्यामुळे लोक निदान वेळेवर पाणी तरी पितात.

वजनाचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. दोन पेट्या आणि त्यांची लोखंडी चौकट मिळूनच, आत एक सदरा ठेवण्यापूर्वी, दहा-पंधरा किलो होतात. मऊ बॅगा त्याच्या तिसऱ्या हिश्शात भागतात. हिमालयनच्या नव्या ४५० गाडीचे वजन १९६ किलो आहे. ती पडली की उचलायची कोणी? खारदुंगला सुमारे ५,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. अशा ठिकाणी भरल्या पेट्यांसह गाडी उचलताना कंबरेत उसण भरते, धाप लागते आणि डोके ठणकू लागते. म्हणून दोन बकले सोडली की खाली उतरणारी बॅग हवी. आधी सामान उतरवावे, दोन मिनिटे बसावे, मग गाडीकडे पाठ करून गुडघ्यात वाकून, पायांच्या जोरावर गाडी उचलावी. कंबरेतून वाकून ओढू नये.

औषधांची जागा ठरलेली असावी आणि ती सोबत्यांना माहीत असावी. पट्ट्या, वेदनाशामक गोळ्या, जलसंजीवनीची पाकिटे, हाडाला आधार द्यायची वाकवता येणारी पट्टी हे सगळे सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवावे. बॅगेच्या तळाशी गेलेले औषध गाडी आडवी पडल्यावर नेमके खालच्या बाजूला सापडते. पेट्रोलची बाटली एका बाजूच्या बॅगेत बाहेरून असेल तर खाण्याचे पदार्थ दुसऱ्या बाजूला हवेत, कारण पेट्रोलची वाफ पिशव्यांतून अन्नात शिरते. मधुमेही स्वारांनी इन्सुलिन बॅगेत मुळीच ठेवू नये. दिवसा सायलेन्सरशेजारी ते तापते, रात्री लडाखमध्ये गोठते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ दिसले तरी निकामी झालेले असते. ते जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाजवळ असावे.

धाकट्याला हे सगळे एका बैठकीत पटले असे नाही. "पेटीत कुलूप लावून कॅमेरा ठेवता येतो, सर," हा त्याचा मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. मऊ बॅग सुरीने फाडता येते. त्यावर उपाय एवढाच की मोलाची वस्तू छोट्या पिशवीत ठेवावी आणि जेवायला उतरताना ती बरोबर न्यावी. शेवटी त्याला समजावले ते माझ्या बोलण्याने नव्हे. थोरला भाऊ त्याला घेऊन अंगणात गेला, पेट्या लावलेली गाडी स्टँडवरून काढली, पाय टेकवायला सांगितला आणि गाडी फूटभर पुढे ढकलली.

परवा तो भरलेल्या बॅगा घेऊन दवाखान्यात आला. आमच्या वजनकाट्यावर त्या आधी एकतीस किलो भरल्या. जीनच्या तीन पँटी, दोन जादा चादरी आणि हातोडी निघाल्यावर आकडा बावीसवर आला. डाव्या बॅगेत पायाच्याच बाजूला काहीतरी कडक लागत होते. बाहेर काढले तर आईने दिलेला बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा! लाडू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपड्यांमध्ये ठेवले. डबा माझ्या टेबलावर आहे. वहिनींनी येऊन घेऊन जावा.