लघुनियतकालिकांची वंशावळ आणि तरवडीचा छापखाना

मराठीतील लघुनियतकालिकांच्या चळवळीविषयी जे लेखन आजवर झाले आहे, त्याचा आराखडा आता जवळजवळ ठरून गेला आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांच्या 'शब्द'पासून आरंभ करावयाचा, अशोक शहाणे यांच्या 'अथर्व' आणि 'असो'चा उल्लेख करावयाचा, राजा ढाले यांच्या 'येरू'मधील 'सत्यकथेची सत्यकथा' आणि १९६९ मधील 'सत्यकथे'च्या अंकाची होळी यांना मध्यबिंदू मानावयाचे, भालचंद्र नेमाडे यांच्या 'वाचा'च्या निमित्ताने औरंगाबादला जाऊन यावयाचे आणि १९७५ च्या आसपास चळवळ ओसरली असे म्हणून प्रकरण मिटवावयाचे, असा हा आराखडा आहे. पदव्युत्तर वर्गांत तो वर्षानुवर्षे सांगितला जातो व उत्तरपत्रिकांत तसाच परत येतो. त्यातील तपशील चुकीचा नाही. परंतु या आराखड्यामागे 'लघुनियतकालिक म्हणजे काय' याविषयीची जी कल्पना गृहीत धरलेली आहे, ती मात्र तपासून पाहण्याची गरज आहे.

या कल्पनेत तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते. पहिली गोष्ट अंकाच्या स्वरूपाची. तो आकाराने लहान, अनियमित आणि अल्पायुषी असतो. दुसरी गोष्ट भूमिकेची. तो प्रस्थापित नियतकालिकांच्या व प्रकाशनसंस्थांच्या विरोधात उभा असतो. तिसरी गोष्ट वाङ्मयीन दृष्टीची. त्यात नव्या जाणिवेचे, प्रयोगशील साहित्य प्रसिद्ध होते. या तिन्ही गोष्टी साठोत्तरी मुंबईत एकत्र आल्या. एका विशिष्ट कालखंडात त्या एकत्र आल्या म्हणून त्या परस्परांशी अपरिहार्यपणे बांधलेल्या आहेत, असे समजण्याचे कारण नाही. तसे समजले गेल्यामुळे कवितेतील आधुनिकता आणि प्रकाशनातील स्वातंत्र्य ही एकाच नाण्याची दोन अंगे ठरली, आणि आधुनिकतावादी नसलेले परंतु पूर्णतः स्वतंत्र असलेले प्रयत्न या इतिहासाच्या बाहेर राहिले.

वस्तुतः लघुनियतकालिकाचे खरे वेगळेपण अन्यत्र आहे. लेखन, संपादन, मुद्रण आणि वितरण या चारही क्रिया ज्यांना लिहावयाचे आहे त्यांच्याच हाती असणे, हे ते वेगळेपण होय. चक्रमुद्रणाच्या यंत्राला साठोत्तरी लेखकांच्या दृष्टीने जे महत्त्व आले ते याच कारणाने. टंकलेखन यंत्रावर मेणकागद कापता आला, शाई लावून रूळ फिरवता आला की कोणाही संपादकाच्या पसंतीची वाट न पाहता दीडदोनशे प्रती निघू शकत होत्या. येथे यंत्राने लेखकाला संपादकाच्या दारातून सोडविले. हा निकष एकदा मान्य केला, की वंशावळीचा आरंभबिंदू मुंबईतून हलवावा लागतो, आणि तो अहमदनगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यात नेऊन ठेवावा लागतो.

२

अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ मध्ये त्याचे नाव अहिल्यानगर झाले) नियतकालिकांशी संबंध जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगर येथूनच सुरू झाले. पुढे ते मुंबईस गेले. एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांच्या प्रवासाची दिशा साधारणतः अशीच राहिली आहे. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' हे सत्यशोधकीय पत्रही १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे मुंबईस गेले. भांडवल, कागद, कुशल कामगार आणि वर्गणीदार जेथे असतील तेथे पत्राने जावे, हा व्यवहार होता व तो समजण्याजोगा होता.

मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) यांनी ही दिशा उलटी केली. भालेकरांचे पुत्र आणि तरवडीच्या गणपतराव पाटील यांचे दत्तकपुत्र असलेल्या मुकुंदरावांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केले. याच नावाचे मासिक गणपतरावांनी पूर्वी चालविले होते. नवे 'दीनमित्र' मुकुंदरावांनी अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावन्न वर्षे, चालविले आणि तेही तरवडीसारख्या खेड्यात स्वतःचा छापखाना घालून. ग्रामीण भागातून चाललेले देशातील पहिले वृत्तपत्र म्हणून त्याचा गौरव केला जातो. परंतु या गौरवात जी गोष्ट झाकली जाते, ती अधिक महत्त्वाची आहे. खिळे, शाई व कागद खेड्यात आणावयाचे, खिळे जुळविणारा माणूस तेथेच मिळवावयाचा अथवा तयार करावयाचा, छापलेले अंक टपालात घालावयाचे आणि वर्गणी थकविणाऱ्या शेतकऱ्याच्या सवडीची वाट पाहावयाची, हा उद्योग आठवड्याच्या आठवड्याला पाच दशके करणे म्हणजे काय, याचा विचार वाङ्मयेतिहासकाराने केलेला दिसत नाही. पत्रकारितेच्या इतिहासात 'दीनमित्र'ला जागा मिळाली. गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्या अभ्यासकांनी सत्यशोधक चळवळीच्या संदर्भात त्याची दखल घेतली. साहित्याच्या इतिहासाने मात्र मुकुंदरावांना प्रचारक म्हणून दाराबाहेरच थांबविले.

मुकुंदराव निव्वळ पत्रकार नव्हते. 'होळीची पोळी', 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' या त्यांच्या कादंबऱ्या आहेत. 'कुलकर्णी लीलामृत' (१९१३) आणि 'शेठजीप्रताप' ही त्यांची काव्ये. यांपैकी 'कुलकर्णी लीलामृता'च्या रचनेकडे लक्ष दिले पाहिजे. गावच्या शेतकऱ्याच्या कानाला ओळखीचा असलेला पोथीचा आणि ओवीचा घाट घ्यावयाचा, आणि त्या घाटात देवाच्या लीलांऐवजी कुलकर्ण्याच्या लीला भरावयाच्या, अशी ही योजना आहे. पोथी एकाने वाचावयाची आणि अनेकांनी ऐकावयाची असते. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचा तो सिद्ध मार्ग होता, आणि ज्या घाटाने धर्मसत्तेचा अधिकार टिकविला त्याच घाटाने तो हसण्यावारी नेण्याची सोयही त्यात होती. ढाले यांनी 'सत्यकथे'च्या बाबतीत विडंबनाचे जे हत्यार उपसले, ते तत्त्वतः याहून वेगळे नव्हते. दोन्हीकडे प्रतिष्ठिताचा घाट उसना घेऊन त्याची प्रतिष्ठा उतरविण्यात आली आहे. ज्ञानेश्वरीची परंपरा ज्या नेवाशाशी जोडली जाते, त्याच तालुक्यात ओवीचा हा दुसरा उपयोग झाला, याची नोंद विद्यापीठीय समीक्षेने घ्यावयास हवी होती.

३

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. 'दीनमित्र' नियमित होते, दीर्घायुषी होते, एका संघटित चळवळीचे मुखपत्र होते. 'येरू' किंवा 'असो' यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते. मग त्यांना एका वंशात बसविणे हा केवळ जिल्ह्याचा अभिमान ठरत नाही काय? शिवाय मुकुंदरावांच्या लेखनात प्रबोधनाचा हेतू इतका प्रबळ आहे, की पुष्कळदा रचना त्या हेतूच्या ओझ्याखाली वाकते. कोलटकर, चित्रे, नेमाडे, नामदेव ढसाळ यांच्या लेखनाने मराठी भाषेची जी क्षमता वाढविली, तिच्याशी या लेखनाची तुलना होऊ शकत नाही.

आक्षेपाचा दुसरा भाग मान्य करावा लागतो. चळवळीच्या पत्राला आपल्या वाचकाची भीड असते, तर ज्या अंकाचा पुढचा अंक निघेलच असे नाही, त्याला ती नसते. साठोत्तरी लेखकांना मिळालेले धाडस काही प्रमाणात या बेभरवशामुळे मिळाले. परंतु पहिल्या भागाच्या संदर्भात असे विचारले पाहिजे, की अनियमितता हा गुण मानावयाचा की लक्षण? आपल्याकडे 'अनियतकालिक' ही संज्ञा अभिमानाने मिरविली गेली. तिच्यामागील व्यावहारिक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. १८९८ च्या टपाल कायद्यात वर्तमानपत्रांसाठी सवलतीचा दर होता, आणि त्यासाठी दोन अंकांमधील अंतर एकतीस दिवसांहून अधिक नसावे अशी अट होती. सवड मिळेल तेव्हा अंक काढणाऱ्या संपादकाला ही सवलत मिळणे शक्य नव्हते. त्यामुळे अंक हातोहात, ओळखीपाळखीने फिरले, आणि ओळखीपाळखी बहुधा लेखकांच्याच होत्या. लिहिणारे आणि वाचणारे एकच, ही साठोत्तरी लघुनियतकालिकांची मोठी मर्यादा होती. प्रस्थापितांचा वाचक त्यांनी नाकारला, परंतु स्वतःचा वाचक घडविण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही. पुढे त्यांतील महत्त्वाच्या कवींचे संग्रह निघाले, काहींना मानसन्मान मिळाले आणि चळवळीचा उपयोग बव्हंशी काही व्यक्तींच्या उदयापुरता राहिला, असे म्हणावे लागते.

या पार्श्वभूमीवर 'दीनमित्र'चे नियमितपण वेगळे दिसू लागते. ते प्रस्थापितपणाचे चिन्ह नव्हते. ज्याच्यासाठी लिहावयाचे त्या वाचकाला दर आठवड्याला दिलेला तो शब्द होता. लघुनियतकालिकांपैकी ज्यांनी हे सूत्र ओळखले, ती टिकली. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने दलित लेखकांबरोबर दलित वाचकही घडविला आणि मेळाव्यांच्या द्वारे त्या दोघांना समोरासमोर आणले. धुळ्यासारख्या ठिकाणाहून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ पासून 'कवितारती' चालविले. याच जिल्ह्यातील श्रीरामपूरहून सुमती लांडे यांनी 'शब्दालय'च्या द्वारे कवितेचे व गंभीर साहित्याचे प्रकाशन केले. मुंबई-पुण्याबाहेर राहून, स्वतःच्या बळावर आणि सातत्याने प्रकाशन करावयाचे, ही जी वृत्ती या प्रयत्नांत दिसते, तिचे पूर्वरूप शोधावयाचे तर ते 'शब्द'च्या चक्रमुद्रित पानांपेक्षा तरवडीच्या छापखान्यात अधिक स्पष्टपणे सापडते.

या जिल्ह्याच्या दुसऱ्या एका लेखकाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार मुंबईस गेले आणि त्यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले ते ग्रंथालीतर्फे, म्हणजे वाचकांची चळवळ म्हणून उभ्या राहिलेल्या संस्थेतर्फे. गावगाड्याच्या तळाचा अनुभव मराठीत आणणाऱ्या या ग्रंथाला नेमकी अशीच वाट मिळावी, हा केवळ योगायोग मानता येत नाही. अनुभव नवा असेल तर त्याला प्रकाशनाची रीतही नवी लागते. तरवडीच्या संपादकाने हे १९१० मध्येच ओळखले होते.

४

हा वाद केवळ वंशावळीचा असता तर तो लांबविण्याचे कारण नव्हते. त्यात गुंतलेला खरा प्रश्न साधनांचा आहे. दाते, काळे आणि बर्वे यांनी सिद्ध केलेली मराठी नियतकालिकांची सूची १८०० ते १९५० या कालखंडाची आहे. म्हणजे जेथे लघुनियतकालिकांचा आरंभ होतो, तेथेच ती थांबते. १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा आणि १९५६ ची त्यातील दुरुस्ती यांमुळे प्रकाशनांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत जाणे बंधनकारक झाले खरे. परंतु ज्या अंकांवर वर्ष-अंकाचा ठिकाणा नाही आणि ज्यांचे संपादक दरवेळी बदलतात, ते या मार्गाने तेथे पोहोचले असण्याची शक्यता कमीच. हे अंक राहिले ते लेखकांच्या कपाटांत. हलक्या कागदावरचा चक्रमुद्रित मजकूर फिकट होतो, कागद पिवळा पडतो व घडीवर तुटतो. कपाटाचा मालक गेला, की घरच्यांच्या लेखी ती रद्दी असते.

याचा परिणाम संशोधनावर स्पष्ट दिसतो. लघुनियतकालिकांवरील प्रबंधांत मूळ अंकांपेक्षा नंतरच्या संग्रहांतील व संपादित ग्रंथांतील मजकूर अधिक वापरला जातो. कविता संग्रहातून वाचली म्हणजे ती कोणत्या लेखाशेजारी छापली होती, अंकाची किंमत काय होती, तो कोठे छापला, जाहिरात कोणाची होती, संपादकाने काय म्हटले होते, हे सारे गळून पडते. म्हणजे ज्या चळवळीचे सारे वेगळेपण प्रकाशनाच्या रीतीत होते, तिचा अभ्यास ती रीत वगळून होतो. 'दीनमित्र'च्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण तेथे साहित्यकृती, बातमी आणि वाचकाचे पत्र एकाच पानावर नांदत होती.

महाविद्यालयीन मराठी विभागांना येथे करण्याजोगे काम आहे, आणि ते खर्चिक नाही. नगर, श्रीरामपूर, संगमनेर, नेवासे, शेवगाव, अकोले अशा ठिकाणच्या विभागांनी आपापल्या तालुक्यातून निघालेल्या नियत-अनियत अंकांची वर्णनात्मक सूची करावी. संपादक, मुद्रणस्थळ, किंमत, पृष्ठसंख्या, लेखकांची नावे आणि अंक सध्या कोणाकडे आहे, एवढ्या नोंदी पुरेशा होतील. मूळ मालकाकडून अंक मिळत नसेल तर त्याची छायाचित्रे घ्यावीत. ते आता कोणालाही जमण्याजोगे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधासाठी अशी एक सूची हा दहा आस्वादक प्रकरणांपेक्षा अधिक टिकाऊ विषय ठरेल. सूचिकार्य हे दुय्यम आणि विवेचन हे श्रेष्ठ, हा विद्यापीठीय समज सोडल्याखेरीज मात्र ते होणार नाही.

लघुनियतकालिकांच्या चळवळीने मराठी साहित्यव्यवहाराला एक प्रश्न विचारला होता: छापावयाचे कोणाचे, हे कोणी ठरवावयाचे? आज त्याच चळवळीच्या इतिहासाला तोच प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. जतन कोणाचे करावयाचे, हे जर अभ्यासक्रमातील ठरीव नावेच ठरविणार असतील, तर प्रस्थापिताविरुद्धच्या बंडाचा इतिहासही प्रस्थापितच होईल. तरवडीचा छापखाना या इतिहासात आणणे म्हणजे एका जिल्ह्याला मान देणे नव्हे. स्वतंत्र प्रकाशनाची मराठी परंपरा मुंबईच्या चार मोसमांपेक्षा जुनी व रुंद आहे, आणि तिच्यात लेखकाइतकीच वाचकाचीही जबाबदारी घेतली गेली आहे, एवढे मान्य करणे होय.